चालू मेडिकल विकताय? या चुका टाळा

‘मेडिकल देणे आहे, लायसन्ससह’ अशी जाहिरात दिसली की समजावं, पहिली चूक झालीच. औषधविक्रीचा परवाना विकता येत नाही. नमुना २० आणि २१ चे परवाने ठरावीक मालकाला, ठरावीक जागेसाठी मिळतात. घेणाऱ्याला एफडीएकडून (अन्न व औषध प्रशासन) स्वतःच्या नावाचे नवे काढावे लागतात. ‘आधी भागीदार म्हणून घेतो, मग मी बाहेर पडतो’ ही युक्तीही चालत नाही. भागीदारीत बदल झाला की जुना परवाना जास्तीत जास्त तीन महिने धरला जातो, तेवढ्यात नवा हवाच. म्हणून किल्ल्या देण्याची तारीख नव्या परवान्यावर बेता. मधल्या काळात गल्ल्यावर घेणारा बसला आणि इन्स्पेक्टर आले, तर नोटीस तुमच्या नावानं निघते.

व्यवहार अडतो तो बहुतेक वेळा जागेपाशी. दुकान भाड्याचं असेल तर नव्या माणसाच्या नावे करार लागतो, आणि घरमालकाला हे कळतं इसार घेऊन झाल्यावर! मग तो भाडं वाढवून मागतो. त्याच्याशी आधी बोला. किरकोळ विक्रीला किमान १० चौरस मीटर जागा लागते. पोटमाळा धरून मोजू नका.

फार्मासिस्टचं प्रमाणपत्र भिंतीवर आणि माणूस दुसऱ्या गावात, हे घेणाऱ्याला दोन फेऱ्यांत कळतं. भाव तिथेच पडतो.

आता माल. बरेच जण तो एमआरपीनं मोजून आकडा सांगतात. मोजायचा खरेदी दरानं, स्कीम (खरेदीवर मिळालेली सूट किंवा फुकट माल) वजा करून. एक्सपायरीचा आणि फुटका माल सौद्याआधीच स्टॉकिस्टकडे (घाऊक विक्रेत्याकडे) परत पाठवा, कारण क्रेडिट नोट, म्हणजे परत मालाची रक्कम जमा दाखवणारा कागद, तुमच्या नावे निघते. नंतर ती कोणाची, यावरून भांडण ठरलेलं.

शेड्यूल एच-१ ची, म्हणजे काही अँटिबायोटिक्स, टीबीची औषधं अशा यादीतल्या औषधांच्या विक्रीची नोंदवही तीन वर्षं जपावी लागते. ती अर्धवट असेल तर एका रात्रीत एकाच पेनानं भरू नका, लगेच ओळखू येतं. आहे तशी दाखवा.

अख्खा चालू धंदा दिला तर त्यावर जीएसटी नाही. नुसता माल विकला तर लागतो. खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं शिल्लक क्रेडिट आयटीसी-०२ हा फॉर्म भरून पुढच्याला देता येतं. करारात कोणते शब्द हवेत ते सीएला आधी विचारा.

उधारीची वही मात्र विकू नका. तुमच्या ओळखीवर दिलेले पैसे नव्या माणसाला कोण देणार?