चौदाव्या लुईच्या दरबारातलं मिनुएट: मूळ पाऊल कसं टाकायचं

मिनुएट म्हणजे तीन मात्रांच्या तालावर जोडीने करायचा दरबारी नाच. फ्रान्सचा राजा चौदावा लुई स्वतः नाचायचा. १६५३ मध्ये बॅलेत तो उगवता सूर्य बनून आला आणि १६६१ मध्ये त्याने नृत्याची शाही अकादमी काढली. पायांच्या पाच स्थिती पक्क्या करण्याचं श्रेय त्याचे नृत्यगुरू प्येर बोशाँ यांना दिलं जातं.

आधी उभं राहणं. टाचा जुळवा, पावलं बाहेर वळवा, पण दोन्हींमध्ये साधारण काटकोनच ठेवा. आजच्या बॅलेतली सरळ रेष इथे नको. वळण मांडीच्या सांध्यातून यायला हवं. नुसते घोटे फिरवले की गुडघा पिळवटतो. शक्यतो बुटाला थोडी टाच असू द्या.

मिनुएटच्या एका पावलात चार पदन्यास असतात आणि ते तीन-तीन मात्रांच्या दोन आवर्तनांत, म्हणजे सहा मात्रांत बसतात. आधीच्या सहाव्या मात्रेवर गुडघे किंचित वाकवा. पहिलीवर उजवा पाय पुढे टाकून चवड्यावर उठा. दुसरीवर वाका, तिसरीवर डावा टाकून पुन्हा उठा. चौथीवर उजवा, पाचवीवर डावा, गुडघे न वाकवता. सहावीवर परत वाका.

बहुतेकांचं बिनसतं ते पहिल्या मात्रेवर: तिथेच वाकलं की उठायला उशीर होतो आणि सगळं पाऊल मागे पडतं. तोंडाने मात्रा मोजत, संगीताशिवाय आधी बसवा. दुसरी अडचण उडीची. हे उठणं आहे, उसळणं नव्हे.