जुन्या ट्रकचं इंजिन धुताय? आधी तेल कुठून येतंय ते बघा

उसाचा हंगाम संपला की माजलगाव, परळीकडचे ट्रक दारात उभे राहतात आणि मग मालकाला इंजिन धुवायची आठवण होते. तोवर गळलेलं ऑइल, काळ्या रानाचा फुफाटा आणि पाचटाचा चुरा मिळून ब्लॉकवर बोटभर थर बसलेला असतो. हा थर इंजिनची उष्णता धरून ठेवतो, मांजरसुंब्याच्या घाटात ते लगेच जाणवतं. मॅनिफोल्डजवळ, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या नळीजवळ, अडकलेलं तेलकट पाचट तर आगीचं सरपणच.

पण धुवायची घाई हीच पहिली चूक. आमच्या टाटा १२१० चं इंजिन मी एकदा नव्यासारखं करून आणलं आणि दोन आठवड्यांत ते होतं तसं झालं. गळती कुठून होती, याचा पुरावा मीच धुऊन टाकला होता. म्हणून आधी नीट बघा. तेल वरून खाली ओघळतं आणि पंख्याच्या वाऱ्यानं मागं पसरतं, त्यामुळं सगळ्यात वरची आणि पुढची ओली जागा शोधायची. बहुतेक वेळा दोष टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाच्या) पॅकिंगचा असतो, आणि आपण उगाच खालच्या सीलला दोष देत बसतो. फोटो काढून ठेवा.

मग पत्र्याच्या पट्टीनं कोरडाच थर खरवडून डब्यात घ्या. निम्मं काम इथंच होतं, आणि तेलकट पाणी विहिरीकडं किंवा रानात जात नाही.

तापलेल्या इंजिनवर गार पाणी मारू नका. बिडाचा (ओतीव लोखंडाचा) मॅनिफोल्ड तडकतो. हात ठेवता येईल इतकं निवू द्या आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. पेट्रोल तर नकोच. रॉकेलही बिनधोक नाही: ते ४० अंशांच्या आसपास ठिणगीनं पेटेल इतकी वाफ सोडू शकतं, आणि मे महिन्यात परभणीत सावलीतलाच पारा तिथं असतो. डिझेल मारलं तर चमक येते, पण मागं राहिलेल्या तेलकट पापुद्र्यावर फुफाटा दुप्पट बसतो, होज पाईप आणि बेल्टचं रबरही फुगतं. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातो. डिग्रीझर (तेलकटपणा काढायचं औषध) नसेल तर भांड्यांचा साबण, कोमट पाणी आणि ताठ ब्रश पुरे. दहा मिनिटं मुरू द्या, वाळू मात्र देऊ नका.

वॉशिंग सेंटरवरचा पोरगा पाईप हातात आला की थेट अल्टरनेटरवर (बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्रावर) धरतो. आमचा अल्टरनेटर असाच गेला. अल्टरनेटर, सेल्फ (स्टार्टर), एअर क्लीनरचं तोंड, ब्रीदर (इंजिनच्या आतला दाब बाहेर सोडणारी नळी) आणि ऑइल मोजायची पट्टी यांना आधी प्लास्टिकची पिशवी बांधा. पाणी सिलिंडरमध्ये गेलं तर ते दबत नाही, पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. हे काही शे रुपयांच्या धुण्यातलं नुकसान नाही. डिझेल पंपावर आणि रेडिएटरच्या जाळीवर जोराचा फवारा नको. जाळी इंजिनच्या बाजूनं बाहेर, हलक्या पाण्यानं धुवा.

धुऊन झालं की पंक्चरवाल्याच्या हवेनं कनेक्शन वाळवा, बांधलेल्या पिशव्या आठवणीनं काढा. (एअर क्लीनरवरची विसरणारे मी पाहिलेत.) सेल्फ नुसता टक् करत असेल तर आधी बॅटरीची टर्मिनलं पुसा. बेल्ट किंचाळला तर त्यावर साबण राहिलाय, पुसून बघा. चार्जिंगचा दिवा विझत नसेल तर अल्टरनेटर ओला आहे, वाळू द्या. सेल्फ मारताना इंजिन मधेच अडलं तर पुन्हा मारू नका, मिस्त्रीला बोलवा. आणि पट्टीवरचं ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर गाडी चालू ठेवू नका. ऑइल आणि फिल्टर बदला, पाणी कुठून शिरलं ते शोधा.

कोरड्या इंजिनवर संशयाच्या जागी टाल्कम पावडर भुरभुरा, पण फिरत्या भागांपासून लांब. वीस-पंचवीस किलोमीटर फिरवून आणलं की गळतीची जागा काळी पडलेली दिसते. सगळीकडूनच थोडंथोडं झिरपत असेल तर ब्रीदरची नळी आधी बघा. ती तुंबली की आतला दाब वाढतो आणि चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर येतं. नळी साफ करायला पैसे लागत नाहीत, आणि आमच्या १२१० चं दुखणंही शेवटी तेच निघालं.