ऑस्ट्रेलियात ‘कल्चरल बर्निंग’ करताय? या चुका टाळा

2019-20च्या वणव्यांनंतर न्यू साउथ वेल्समध्ये ज्याच्या त्याच्या तोंडी ॲबोरिजिनल, म्हणजे इथल्या मूळनिवासी लोकांच्या ‘कल्चरल बर्निंग’चं, म्हणजे रान राखण्यासाठी मंद आग लावण्याच्या पद्धतीचं नाव आहे. लोक शिकायला येतात याचा आनंदच आहे. पण एक कार्यशाळा झाली की हात शिवशिवायला लागतात, आणि तिथेच घात होतो.

सगळ्यात वाईट म्हणजे घाई. आमच्या भागातल्या एका जमीनमालकाला सगळं रान एका दुपारीत जाळून उरकायचं होतं. वारा सुटलेला, आणि यानं ड्रिप टॉर्चनं (पेटतं इंधन ठिबकवणाऱ्या डब्यानं) कुंपणालगत सलग रेघ ओढली. जाळ भिंतीसारखा आत शिरला, निलगिरीचे शेंडे करपले. करपलेली पानं पुढे गळून पडली, म्हणजे जाळलेला पाला पुन्हा अंथरला गेला. शिवाय धगीनं जमिनीतलं वॅटलचं (इथल्या बाभळीच्या जातीचं) बी जागं झालं आणि झुडपं दाट माजली. पुढच्या वणव्याला आयतं सरपण!

वारा पडलेला असताना, गवतावरचं दव नुकतंच सुकल्यावर, एकाच जागी काडी लावा. जाळाला आपणहून चहूबाजूंनी पसरू द्या आणि त्याच्याबरोबर चाला. ज्वाळा गुडघ्याखाली राहिल्या की किडे-मुंग्या खोडावर चढतात, सरडे बाजूला सरकतात. जाळ पुढे गेला की मी राखेखाली बोटं घालतो. माती गार लागली, तरच पुढची काडी.

दुसरी चूक तारखा उसन्या घेण्याची. उत्तरेकडे आर्नहेम लँडमध्ये पावसाळा सरल्यावर ‘येग्गे’ ऋतूत, साधारण मे-जूनमध्ये, जाळायला सुरुवात होते, कारण ऑगस्टनंतरच्या ‘गुर्रुंग’ या कोरड्या, तापलेल्या ऋतूत लागलेली आग आवरत नाही. पश्चिम आर्नहेम लँडमध्ये 2006 पासून सुमारे 28,000 चौरस किलोमीटरवर हे काम चालू आहे. ते वेळापत्रक सिडनीकडे चालत नाही. इथला पाऊस वेगळा, गवत वेगळं.

सगळं रान एकदम जाळू नका. पश्चिमेच्या वाळवंटात मार्टू हे ॲबोरिजिनल लोक स्पिनिफेक्स नावाचं काटेरी गवत तुकड्यातुकड्यानं जाळतात, आणि अशा नव्या-जुन्या तुकड्यांच्या रानात घोरपडी जास्त आढळतात. पोकळ ओंडक्यांभोवतीचा पाला आधी ओढून घ्या, आत कुणाचं तरी घर असतं. वर्षावनाच्या घळीत आग नेऊ नका. चार मीटरपर्यंत वाढणारं आणि भडकून पेटणारं गांबा हे परकं गवत असेल तिथे तर नवख्यानं हातच घालू नये. आणि सह्याद्रीत उन्हाळ्याच्या तोंडावर लावलेल्या वणव्यांना कृपा करून हे नाव देऊ नका.

परवाना अग्निशमन दलाकडून मिळेल, पण त्याआधी त्या भूमीच्या ॲबोरिजिनल वडीलधाऱ्यांना विचारा. त्यांच्या वेळेचा मोबदला द्या. ते ‘आज नाही’ म्हणाले, तर टॉर्च गाडीतच राहू द्या.