पणजोबांच्या शोधाला निघण्यापूर्वी

पितृपक्षात महाळाला गावी जाणार असाल तर आधी म्हाताऱ्या माणसांजवळ बसा, कागदांचं नंतर बघू. त्यांना साल मात्र विचारू नका. "तुमचा आजा कधी वारला?" असं मी थोरल्या आत्यांना विचारलं, तर "लई वर्सं झाली" एवढंच हाती आलं. मग पत्रीसरकारचं, म्हणजे नाना पाटलांच्या भूमिगत प्रतिसरकारचं, नाव काढलं. "ती माणसं रातच्याला भाकरीला यायची, तवा आज्याच उठून कडी काढायचा." म्हणजे १९४३ नंतर पणजोबा हयात होते. आणि कोयनेच्या भूकंपाला? "न्हाई बाबा, तवा नव्हता." एवढ्यावर शोध निम्मा होतो. म्हणून वहीच्या डाव्या पानावर घटना लिहून न्या: १९१८ची तापाची साथ, पत्रीसरकार, १९६७चा भूकंप, ७२चा दुष्काळ. उजवं पान घरातल्या जन्म-लग्न-मरणाला मोकळं ठेवा. महाळ कोणत्या तिथीला घालतात तेही टिपा, बऱ्याचदा तीच मृत्यूची तिथी असते.

पणजीचं माहेरचं गाव आणि लग्नाआधीचं नाव आवर्जून विचारा. पुरुषांची नावं भावकीत कुणीही सांगतं. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याआधीच्या वारसनोंदींत मुली बहुधा सापडत नाहीत, त्यामुळे बायकांची नावं तोंडीच मिळवावी लागतात आणि सांगणारी माणसं थोडी उरलीत.

तहसीलच्या अभिलेख कक्षात जाण्यापूर्वी गट नंबरासोबत जुना सर्व्हे नंबरही काढून ठेवा. जुन्या फेरफारात, म्हणजे जमिनीचा हक्क बदलल्याच्या नोंदीत, मयताचं नाव आणि वारस ओळीनं मिळतात. तासगाव, वाळवा, शिराळ्याकडचं गाव असेल तर १९४९ पूर्वीच्या कागदावर जिल्हा सातारा दिसेल. आटपाडीकडचं असेल तर औंध संस्थान. मोडी वाचणारा माणूस आधीच गाठून ठेवा. कागदावर शक असेल तर इसवी सन काढायला ७८ मिळवायचे, साधारण पौषापासून, म्हणजे जानेवारी लागला की, पुढच्या तारखेला ७९. शाळेचं जनरल रजिस्टर पाहा, पण त्यातली जन्मतारीख गुरुजींनी अंदाजानं घातलेली असू शकते.

हेळवी, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी वहीत ठेवून गावोगाव फिरणारा, कधी येतो ते गावात विचारून ठेवा. आमच्या अंगणात तो बैल बांधून बसला आणि वही उघडून आमच्या घराण्याच्या पिढ्या एका सुरात म्हणू लागला. धाकट्या पातीला पोचला तेव्हा आई पदर सावरून उभी राहिली, कारण लहानपणीच गेलेल्या दिराचं नाव त्यानं घेतलं होतं. तेव्हा फोन चार्ज करून ठेवा आणि विचारून आवाज भरून घ्या.

घरात कुणी "बसऱ्याला गेला" (पहिल्या महायुद्धात इराकातल्या बसऱ्याला) असं म्हणत असतील तर पेन्शनचा कागद, पदकाची कड, पलटणीचा नंबर शोधा. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंग्याचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले, आणि आपल्या भागातल्या कितीतरी गावांतून माणसं पलटणीत होती. पदकाच्या कडेवर नाव आणि नंबर कोरलेला असतो. ब्रासो लावून घासू नका, अक्षरं झिजतात.

आत्यांकडे सकाळीच जा, दुपारी त्यांचा डोळा लागतो.