सावंतवाडीचं तळं, शिरोड्याची शाळा

“गोव्याला जाता जाता सावंतवाडी बघू” म्हणणाऱ्यांना मी सरळ सांगते, मग राहू दे. गाडीतूनच तळ्याला एक फेरी, चितारआळीतून लाकडी आंबे-केळी, की मंडळी गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीच्या वाटेला. किमान दोन रात्री काढा. पावसाळा संपल्यावर या. मे महिन्यात घामाने जीव जातो.

सावंतवाडी रोड स्टेशन गावात नाही, मळगावात आहे. रिक्षात बसण्याआधी भाडं ठरवा. खोली मोती तलावापासून चालत जाता येईल अशी घ्या, कारण तळ्याची खरी वेळ सकाळी सहाची. काठावर केशवसुत कट्टा आहे. केशवसुत मालगुंडचे, पण कट्टा इथे. तक्रार नाही, बसायला छान आहे.

समोरच राजवाडा. उघडण्याच्या वेळा आदल्या दिवशी विचारून ठेवा. आत गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, करणारे कारागीर बसतात. दशावतारी गंजिफाच्या जोडात दहा अवतारांची प्रत्येकी बारा, म्हणजे १२० गोल पानं. मत्स्याचं खवलं न खवलं बारीक कुंचल्याने उतरताना बघा, मग किंमत जास्त वाटणार नाही.

दुसऱ्या दिवशी एसटीने शिरोडा. उतरल्या उतरल्या परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ विचारा. मी विचारली नव्हती. वेळागरच्या सुरूच्या बनात बसून राहिले आणि रिक्षाला दामदुप्पट मोजले. वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ इथे शाळेत मास्तर होते. शाळा आजही भरते, तेव्हा कार्यालयात विचारल्याशिवाय आत शिरू नका. १९३०चा मिठाचा सत्याग्रह इथलाच. मिठागरांच्या बांधावरून चालायचं तर चप्पल घट्ट हवी.

आरवली शेजारीच. जयवंत दळवींचं गाव, आणि माझं आजोळ. वेतोबाच्या देवळात केळ्यांचा घड द्यायची पद्धत आहे आणि चपला वाहायची. चपला म्हणजे केवढ्या, माझा कोपरापर्यंतचा हात आत मावेल! देव रात्री गावभर फिरतो म्हणतात. लहानपणी आजी एक चप्पल उलटी करून झिजलेला तळ दाखवायची. “बघ, खूप लांब जावन इलो.”