डॅन्यूबकाठी पहिली सायकल सफर: पासाऊ ते व्हिएन्ना

युरोपात नदीकाठाने पहिल्यांदाच सायकल मारणार असाल, तर जर्मनीतल्या पासाऊहून निघून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नाला या. अंतर सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. उलटं येऊ नका. उतार नावापुरताच आहे, खरी मदत वाऱ्याची. इथे तो बहुतेकदा पश्चिमेकडून येतो आणि पाठीशी राहतो.

दिवसाला ५० किलोमीटर धरा. ८० सहज जमतील, पण मग मेल्क ते क्रेम्स हा वाखाऊ नावाच्या नदीखोऱ्याचा जेमतेम ३५-४० किलोमीटरचा पट्टा भुर्रकन निघून जातो. त्याला पूर्ण दिवस द्या. दोन्ही बाजूंना द्राक्षमळे, मध्ये जर्दाळूच्या बागा. जुलैत गेलात तर ताजे जर्दाळू हमखास मिळतील.

रस्ता बहुतेक ठिकाणी दोन्ही काठांनी आहे. श्लोगेनला मात्र नदी जवळजवळ उलटी वळते आणि उत्तरेकडची वाट तुटते. तिथे सायकलसकट होडीत बसायचं. होड्या संध्याकाळी बंद होतात, थंडीत तर चालतच नाहीत. तेव्हा वेळ आदल्या रात्रीच बघून ठेवा, खिशात सुटे युरो असू द्या.

रविवारी ऑस्ट्रियात किराणा दुकानं बंद असतात. शनिवारीच पाव, चीज, केळी भरून घ्या. (आपला चिवडा, दशम्या असतील तर प्रश्नच मिटला.)

परतीच्या रेल्वेत सायकलचं तिकीट वेगळं लागतं, लांब पल्ल्याच्या गाड्यांत जागाही राखावी लागते. उन्हाळ्यात त्या जागा माणसांच्या आधी संपतात.