डीसी म्हणजे नुसती एकच दिशा नव्हे

सातपूरच्या आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक्सचा ट्रेड करून मी अंबडमधल्या एका छोट्या पॅनल वर्कशॉपमध्ये लागलो, तेव्हा पॉवर सप्लायमध्ये शिकण्यासारखं काय आहे, असं मला वाटायचं. ट्रान्सफॉर्मर, चार डायोड, एक कंडेन्सर, पुढे ७८०५ रेग्युलेटर (स्थिर ५ व्होल्ट देणारा), झालं. मग पिंपळगावहून द्राक्षबागेच्या ठिबकचा एक कंट्रोलर दुरुस्तीला आला आणि त्यात माझे तीन दिवस गेले.

एक व्हॉल्व्ह चालू केला तर सगळं ठीक. तिसरा रिले (व्हॉल्व्ह चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच) ओढला की डिस्प्ले क्षणभर विझायचा आणि प्रोग्रॅम पहिल्यापासून सुरू. मी रिले बदलले, रेग्युलेटर बदलला, शेवटी मायक्रोकंट्रोलरसुद्धा. रेग्युलेटरच्या इनपुटला मीटर लावलं तर जवळपास ९ व्होल्ट डीसी, म्हणजे एकाच दिशेची वीज. ७८०५ ला साधारण ७ पुरतात. म्हणून सप्लायवर माझा संशयच गेला नाही.

वर्कशॉपमधल्या काकांनी त्याच जागी सीआरओचा (व्होल्टेजची रेघ पडद्यावर काढणाऱ्या यंत्राचा) प्रोब लावला. "मीटर सरासरी सांगतं रे, खड्डे दाखवत नाही." पडद्यावर करवतीच्या दात्यांसारखी रेघ होती.

एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निघणारी वीज एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारी, असते, कारण ट्रान्सफॉर्मरने तिचा दाब चढवता-उतरवता येतो. लांबवर न्यायला ते सोयीचं. पण ही वीज सेकंदाला ५० वेळा पूर्ण फेरा मारते, म्हणजे १०० वेळा शून्यावर येते. बल्बची तार तेवढ्यात थंड होत नाही, म्हणून त्याचं अडत नाही. ट्रान्झिस्टरचं तसं नाही. सिलिकॉन ट्रान्झिस्टरच्या बेसला सुमारे ०.७ व्होल्ट योग्य दिशेने मिळाले तरच तो चालू होतो. उलट दिशेने पाच-सहा व्होल्टांपेक्षा जास्त झाले तर तो खराब होऊ शकतो. मायक्रोकंट्रोलरची रॅम तर सप्लाय आहे तोवरच आठवण धरते. १०० वेळा शून्य म्हणजे सेकंदात १०० वेळा विस्मरण. आणि ०.८ व्होल्टच्या खाली 'शून्य', २ च्या वर 'एक' असं टीटीएल गेट (शून्य-एकवर चालणारं डिजिटल सर्किट) ठरवतं, ते स्थिर ५ व्होल्ट गृहीत धरून. सप्लायच हलला तर ही मोजपट्टीच हलते.

चार डायोडचा ब्रिज फक्त दिशा एक करतो. दोन शिखरांमधली १० मिलिसेकंदांची दरी भरायचं काम कंडेन्सरचं. आता आमच्या बोर्डाचा हिशेब करा. ९ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, म्हणजे शिखर त्याच्या १.४१ पट, १२.७, दोन डायोडचे १.४ गेले, राहिले ११.३. तीन रिले आणि बोर्ड मिळून पाव अँपिअर. कंडेन्सर १००० मायक्रोफॅरड असेल तर दरी फार तर अडीच व्होल्ट खोल. पण तो पत्र्याच्या पेटीत, उन्हात वर्षानुवर्षं बसून वाळला होता, क्षमता निम्मी झाली होती. दरी पाच व्होल्टची! ११.३ मधून ५ गेले की ६.३. तिथे ७८०५ ला पाच धरवत नाहीत, म्हणून रीसेट. आणि मीटर बिचारं शिखर आणि तळ यांच्यामधला आकडा दाखवत होतं.

२२०० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कंडेन्सर लावला. १६ चा मुद्दाम घेतला नाही. रात्री गावाकडे लाइनचा दाब चढतो आणि लोड नसताना शिखर आणखी वर जातं. लावताना पट्टीची बाजू निगेटिव्हलाच. उलटा लागला तर फुटतो.

तुम्ही नवीन असाल तर दुरुस्तीला आलेल्या बोर्डावर आधी सप्लाय बघा, आणि पूर्ण लोडवर बघा. सीआरओ नसेल तर मीटर एसी रेंजवर, एक लहान कंडेन्सर सिरीजमध्ये घालून लावा. एक-दोन व्होल्टांचा आकडा आला तर कंडेन्सर संशयित. ही सवय ट्रान्सफॉर्मरच्या सप्लायवरच लावून घ्या. एसएमपीएसमध्ये (मोबाइल चार्जरसारख्या स्विचिंग सप्लायमध्ये) २३० व्होल्ट थेट ब्रिजमधून जातात, आतल्या कंडेन्सरवर सुमारे ३२५ व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ तिथेच राहतात. त्यात पहिल्यांदा हात घालाल तेव्हा जाणता माणूस शेजारी असू द्या.